माग चालू, टीव्ही बंद: वडगावातल्या एका घराचं प्रकरण

पावसाळा लागल्यावर बेळगावच्या वडगावातल्या एका मागवाल्या घरातून माझ्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात एकेक वस्तू यायला लागली. आधी मोबाईल आला, मग त्याचा चार्जर, मग सेट-टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर, वरच्या मजल्यावरच्या राउटरचा अॅडॅप्टर आणि शेवटी ३२ इंची एलईडी टीव्ही. प्रत्येक वस्तू सुटी पाहिली तर रोजचंच काम होतं. सगळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मात्र दिसलं की बिघाड या वस्तूंमध्ये जन्मलेलाच नाही. घर बघितल्याशिवाय टीव्ही परत द्यायचा नाही असं मी ठरवलं. वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत अशा बांधणीची घरं पुष्कळ आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

घराची रचना आधी समजून घ्यावी लागते. खाली पुढच्या अंगाला सोपा, तिथं टीव्ही. मागच्या अंगाला स्वयंपाकघर, न्हाणीघर, फ्रिज, गिझर. वर थोरल्या मुलाची खोली. बाजूच्या शेडमध्ये साड्यांचे यंत्रमाग. मागांचं मीटर वेगळं, घराचं वेगळं, पण दोन्ही कनेक्शनं थ्री फेज, म्हणजे वीज तीन वायरींतून येणारी, आणि दोन्ही बोर्ड शेडच्याच भिंतीवर. वरचा मजला चढवला तेव्हा घराचा लोड वाढला म्हणून थ्री फेज घेतलेलं. वायरिंग करणाऱ्यानं सोपा एका फेजवर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दुसऱ्यावर, वरची खोली तिसऱ्यावर अशी वाटणी केलेली. यात चूक काहीच नाही, अशीच करतात. तिन्ही फेजचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची वायर, मात्र एकच.

मोबाईल मामांचा, म्हणजे घरच्या मालकांचा. तक्रार अशी की केबल लावली की चार्जिंग होतं, हात लावला की तुटतं. त्याआधी दुसरीकडे कुणीतरी चार्जिंगची पट्टी बदलायला सांगितलं होतं. टॉर्च मारून बघितलं तर पोर्टच्या तळाशी सुताची धूळ इतकी घट्ट दाबली गेली होती की केबलची पिन पूर्ण आत बसतच नव्हती. मागावर काम करणाऱ्याच्या खिशातल्या फोनचं हे ठरलेलं दुखणं. फोन बंद करून लाकडी टूथपिकची काडी तासून बारीक केली आणि धूळ कडेनं उचलून काढली. सुई किंवा सेफ्टी पिन इथं कधी वापरू नये, टाइप-सीच्या पोर्टात मधोमध जी पातळ जीभ असते तिचे पाय वाकतात आणि मग पोर्टच बदलावा लागतो. धूळ निघाल्यावर केबल टक आवाज करून बसली. यूएसबी मीटर लावला, माझ्या चार्जरवर ५ व्होल्टला दीड अँपिअरच्या वर करंट घेतला. पट्टी बदलायची गरज नव्हती. फोन ठणठणीत होऊन गेला.

थोड्याच दिवसांत मामा परत आले. या वेळी हातात फोन आणि चार्जर दोन्ही.

"रात्री लावून झोपलो ओ, सकाळी उठून बघतोय तर फोन बंद. चार्जर जळला की काय बघा."

फोन माझ्या चार्जरवर चालू झाला. त्यांचा चार्जर मेलेला होता. मोबाईलचा चार्जर मी उघडून दुरुस्त करत नाही. त्याच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यामध्ये जे अंतर आणि इन्सुलेशन असतं ते एकदा बिघडलं की उद्या तो चार्जर फोनवाल्याच्या हाताला करंट देऊ शकतो. बीआयएस नोंदणीचा नवा घ्यायला सांगितलं. मेलेला मात्र कारण कळावं म्हणून फोडला. आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी डबी, डोक्यावर फुगला होता आणि तोंडाशी बसवलेला फ्यूजचा रेझिस्टर उडाला होता. एखादा चार्जर असा जातोच, म्हणून त्यावरून लगेच काही म्हणता येत नाही. पण पुढच्या आठवड्यात सेट-टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर आला, तोही तसाच फुगलेला. राउटरचा आला, तोही तसाच. मग एका सकाळी मामा आणि थोरला टीव्ही चादरीत गुंडाळून घेऊन आले.

टीव्ही उघडला. पॅनेल चांगलं, बॅकलाइट चांगला, मदरबोर्ड चांगला. पॉवर सप्लायच्या तोंडाशी काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट. त्याच्या मागची निळी चकती, जिला आम्ही एमओव्ही म्हणतो, ती मधोमध तडकून दुभंगलेली. मोठा कपॅसिटर फुगलेला.

आता मला हे चारही जिन्नस टेबलावर एका ओळीत मांडून बघावेसे वाटले. चारहींत मार लाईटच्या बाजूला बसला होता, पलीकडची बाजू सगळ्यांची शाबूत होती. याचं गणित सोपं आहे. २३० व्होल्ट एसी डायोडमधून गेलं की कपॅसिटरवर त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी जमतं. म्हणून त्या जागी ४०० व्होल्टचा कपॅसिटर घालतात. घरातला व्होल्टेज २८५च्या पुढं गेला की कपॅसिटरवर ४०० ओलांडतात, आणि तिथून त्याचं पोट फुगायला लागतं. टीव्हीतली एमओव्ही ४७१ नंबरची होती, ती कायमस्वरूपी ३०० व्होल्ट एसीपर्यंतच तग धरते. वीज कडाडली तर क्षणभराचा झटका ती पोटात घेते. सतत चढलेलं व्होल्टेज मात्र तिला पेलत नाही, तापून फुटते आणि फुटता फुटता फ्यूज उडवते. चकती दुभंगली होती म्हणजे या घरात व्होल्टेज क्षणभर नाही, बराच वेळ ३००च्या वर गेला होता.

मामांना विचारलं, घरात लाईटचा काही त्रास?

"छे ओ. माग दिवसभर चालूयत की. लाईटला काय झालंय?"

हे उत्तर ऐकून मी सावध झालो. माग चालतात म्हणजे पुरवठा ठीक, असं मागवाल्या घरात सगळेच धरून चालतात. पण मागाची मोटार थ्री फेजची. ती तीन फेजांवरच फिरते, तिला न्यूट्रल लागतच नाही. न्यूट्रल अख्खा गायब झाला तरी माग खडखड चालत राहतील. माग चालतात यावरून फेज ठीक आहेत एवढंच कळतं.

मग मी मामींना फोन लावून विचारत गेलो. कोणती वस्तू कुठल्या प्लगात होती, कधी गेली, त्या वेळी घरात दुसरं काय चालू होतं. मामींनी जे सांगितलं ते मामांना माहीतच नव्हतं. सगळ्या वस्तू सकाळी गेल्या होत्या. सोप्यातल्या आणि वरच्या गेल्या, स्वयंपाकघरातली एकही गेली नाही. उलट फ्रिज सकाळी नुसता घुरघुरतो, टक करून बंद पडतो आणि तासाभरानं आपोआप सुरू होतो. त्यासाठी स्टॅबिलायझर आणला, तरी तेच. आणि शेवटी म्हणाल्या, "गिझर लावला की सोप्यातली ट्यूब जास्तच उजळती ओ. मला बरं वाटायचं."

एवढं ऐकल्यावर घरी जाणं भाग होतं. जड वस्तू सुरू केल्यावर दिवे मंद होणं हे रोजचं. जड वस्तू सुरू केल्यावर दुसऱ्या खोलीतले दिवे जास्त उजळणं हे एकाच गोष्टीचं लक्षण आहे, न्यूट्रल सुटत चालल्याचं.

कसं ते सांगतो. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजांच्या मध्ये ४००. न्यूट्रल घट्ट असेल तोवर प्रत्येक खोलीला आपापले २३० मिळतात. तो सुटला की दोन फेजांवरच्या वस्तू एकमेकींना सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागून एक, जोडल्यासारख्या होतात आणि ४०० व्होल्ट दोघींत वाटले जातात, तेही उलट्या न्यायानं. जिच्यावर लोड जास्त तिला कमी व्होल्ट, जिच्यावर लोड कमी तिला जास्त. एका फेजवर १००० वॅटची वस्तू आणि दुसऱ्यावर १०० वॅटचा दिवा असेल आणि न्यूट्रल पूर्ण तुटला असेल, तर मोठीला जेमतेम ३६ व्होल्ट उरतात आणि दिव्याच्या डोक्यावर ३६४ बसतात. या घरात सकाळी स्वयंपाकघराच्या फेजवर २००० वॅटचा गिझर, आणि सोप्यात रात्रभर लावलेला चार्जर नि स्टँडबायवरचा टीव्ही. फ्रिजला व्होल्ट पुरेनात म्हणून तो घुरघुरायचा, आणि त्याच वेळी सोप्यात चार्जर फुगत होता.

न्यूट्रल पूर्ण तुटलेला असता तर पहिल्याच सकाळी सगळं गेलं असतं. इथं तो अर्धवट टेकलेला होता, कधी धरायचा, कधी सोडायचा. म्हणून वस्तू एकेक करून जात होत्या, आणि म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

संध्याकाळी मल्टीमीटर घेऊन गेलो. आधी सोप्यातल्या प्लगात, काही जड चालू नसताना: फेज ते न्यूट्रल २३३. अगदी छान. या घरात कुणी वायरमन आला असता आणि एवढंच मोजून गेला असता तर त्याला काहीच सापडलं नसतं. मग मामींना स्वयंपाकघरात इस्त्री लावायला सांगितलं. गिझर मुद्दाम लावू दिला नाही, त्याचा करंट मोठा, आणि ढिल्या जोडावर तेवढा ओढणं म्हणजे आग लावायची परीक्षा. इस्त्री लागताच सोप्यातला आकडा हलायला लागला आणि २७०च्या आसपास जाऊन थांबला. थोरल्यानं मीटर स्वयंपाकघरात धरला, तिथं १६५.

यानंतरचं मोजमाप मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सोप्यातल्याच तीन पिनच्या प्लगात मी फेज ते अर्थ, म्हणजे जमिनीत गेलेली वायर, असं मोजलं, इस्त्री चालू ठेवूनच. ते २३१वर स्थिर. न्यूट्रल ते अर्थ मोजलं, ते ६६. घराचं अर्थिंग चांगलं होतं म्हणून हे मोजता आलं. नीट चाललेल्या घरात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्ट असतात. इथं फेज जागेवर होता आणि न्यूट्रलच जागा सोडून सरकत होता. इस्त्री बंद करायला सांगितली, ६६चे दोन झाले.

आता प्रश्न एवढाच की न्यूट्रल कुठं सुटलाय, खांबावर की घरात. गल्लीत लगेच सुरू झालं की खांबावरच लोच्या आहे, तक्रार द्या. पण शेजारच्या घरात कुणाचं काही गेलं नव्हतं. बोर्डापाशी गेलो. मीटरला सील असतं, त्याला हात लावायचा नाही आणि लावलाही नाही. मीटरनंतर जो मेन स्विच असतो तिथपर्यंत आपली हद्द. मामींनी परत इस्त्री लावली. मेन स्विचच्या पेटीत न्यूट्रल लिंकच्या आधी, म्हणजे मीटरकडून येणाऱ्या वायरीवर, अर्थच्या तुलनेत तीन व्होल्ट. लिंकच्या पुढं, घराकडं जाणाऱ्या वायरीवर, ६५च्या वर. दोन्हींच्या मध्ये बोटभर पितळी पट्टी आणि दोन स्क्रू. खांब निर्दोष सुटला. कान दिला तर पेटीतून बारीक चर्र असा आवाज येत होता, आणि जळक्या रबराचा वास. इस्त्री ताबडतोब बंद करायला लावली.

इथून पुढचं काम माझं नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. चालू लाईनवरच्या बोर्डात हात घालायचा परवाना ज्याच्याकडं आहे त्यानंच घालावा. हे वाचून कुणीही ग्राहकानं स्वतः पेटी उघडायला जाऊ नये, सुटलेल्या न्यूट्रलच्या वायरीलाही जोरदार करंट असतो. ओळखीच्या परवानाधारक वायरमनना बोलावलं, ते आले, मेन बंद केला, लाईट गेल्याची मीटरवर खात्री केली आणि लिंकचं झाकण काढलं. बघताच कानडीत म्हणाले, "न्यूट्रल सुट्टैत्री," म्हणजे न्यूट्रल जळलाय.

घराकडं जाणाऱ्या टोकाचा स्क्रू काळा पडलेला. मूळ वायर अॅल्युमिनियमची, आणि वरचा मजला चढवताना कुणीतरी तांब्याची वायर तिच्याशी पीळ देऊन त्याच स्क्रूखाली चेपलेली. अॅल्युमिनियमच्या टोकावर पांढरी भुकटी धरलेली, इन्सुलेशन तपकिरी होऊन आकसलेलं. स्क्रू बोटांनी फिरत होता.

तीन कारणं एकत्र आली होती. पहिलं म्हणजे अॅल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं, आज घट्ट आवळलेला स्क्रू वर्षा-दोन वर्षांत ढिला पडतो. दुसरं, तांबं आणि अॅल्युमिनियम थेट भिडवून ओल लागू दिली की अॅल्युमिनियम गंजत जातं आणि त्याच्या गंजातून वीज जात नाही. बेळगावचा पाऊस आणि शेडची ओलावलेली भिंत, ओल कमी नव्हतीच. तिसरं कारण मला त्या भिंतीला हात लावल्यावर कळलं. पलीकडं माग चालू होते. मिनिटाला शंभरावर फटके, दिवसभर, आणि प्रत्येक फटक्याला भिंत थरथरते. बोर्ड त्याच भिंतीवर ठोकलेला. आधीच ढिला पडू पाहणाऱ्या स्क्रूला ही भिंत रोज थोडी थोडी मोकळीक देत होती. ज्या मागांच्या भरवशावर घरातले लाईट ठीक आहे म्हणत होते, त्यांच्याच हादऱ्यानं ती लिंक सुटली होती.

वायरमननी जळकी टोकं कापून टाकली, लिंक नवी घातली, तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना भिडणार नाहीत असे दुहेरी धातूचे लग, म्हणजे वायरीच्या टोकाच्या टोप्या, चेपून बसवले आणि घराचा बोर्ड शेडच्या भिंतीवरून काढून सोप्याच्या कोरड्या भिंतीवर हलवला. मेनच्या पुढं व्होल्टेज प्रोटेक्टर घातला. हा व्होल्टेजचा आकडा बघत राहतो, २७०च्या वर किंवा १७०च्या खाली गेला की लाईन तोडतो आणि पुरवठा सावरला की थोड्या वेळानं परत जोडतो. मामा म्हणत होते की प्रत्येक प्लगाला स्पाइक गार्डची पट्टी घेऊ. मी नको म्हटलं. त्या पट्टीत टीव्हीतल्यासारखीच एमओव्ही असते, ती झटका अडवते, चढून बसलेलं व्होल्टेज अडवत नाही. आणि फ्रिजच्या स्टॅबिलायझरनंही फ्रिजपुरतंच बघितलं असतं, लिंक तशीच जळत राहिली असती.

वायरमन गेल्यावर इस्त्री आणि गिझर दोन्ही लावून परत मोजलं. सोप्यात २३१, स्वयंपाकघरात २२६, न्यूट्रल ते अर्थ तीन.

त्यानंतरच टीव्हीला हात लावला. सप्लायचा मोठा कपॅसिटर बंद टीव्हीतही चार्ज धरून बसतो, म्हणून आधी तो रेझिस्टर लावून उतरवला. ब्रिजचे डायोड तपासले, मॉसफेट तपासला, दोन्ही वाचले होते, कारण एमओव्हीनं फुटून फ्यूज वेळेवर उडवला. फ्यूज त्याच रेटिंगचा घातला. फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा टाकून देणारे आहेत, त्यांच्या टीव्हीत पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्ड जळतो. एमओव्ही त्याच नंबरची, कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण ४५० व्होल्टचा बसवला, जागा होती म्हणून. थेट लाईनवर न लावता सिरीज बल्बवर, म्हणजे मध्ये एक बल्ब जोडून, लावला. बल्ब क्षणभर चमकला आणि मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग लाईनवर घेतला, चित्र आलं. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर मुळात चांगलेच होते, त्यांना तेवढ्याच व्होल्टचे, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचे नवे अॅडॅप्टर लागले.

आता माझ्या टेबलावर फुगलेल्या कपॅसिटरचा अॅडॅप्टर आला की मी तीन गोष्टी विचारतो. घरातलं अजून काही गेलंय का, जड वस्तू लावली की कुठले दिवे उजळतात का, आणि घराला थ्री फेज आहे का. पहिल्या दोन्हींना हो आलं तर दुरुस्तीच्या आधी वायरमनला मेनच्या पेटीतला न्यूट्रल बघायला सांगतो. तेही जड वस्तू चालू असताना मोजून, नुसता टेस्टर लावून नाही. टेस्टर फेजला पेटतो एवढंच सांगतो, २३० आहे की ३३० हे त्याला कळत नाही. गिऱ्हाईक कधी कधी वैतागतं, चार्जर द्यायचा सोडून हे काय विचारतोय म्हणून. तरी विचारतो.

मामांच्या फ्रिजचं काम अजून बाकी आहे. कमी व्होल्टवर कॉम्प्रेसर अडकून अडकून सुरू व्हायचा प्रयत्न करत राहिला, त्यात त्याचा स्टार्टिंग रिले आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर शिणलेले असणार. सध्या तो नीट चालतोय, पण फ्रिजच्या मेकॅनिककडून दोन्ही तपासून घ्या असं मामींना सांगून ठेवलंय.